काऊन बे, जेवला का?

(आफ्रिकन ग्रे पोपटाच्या संगोपनावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

मला येणाऱ्या फोनचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बोलते का?’ दुसरा किमतीचा. तिसरा, ‘पिंजरा केवढा लागते?’ गेल्या दहा-अकरा वर्षांत असे फोन किती आले ते मोजलं नाही, पण ‘हा पक्षी जगतो किती?’ असं आपणहून विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग मीच सांगतो. नीट सांभाळला तर चाळीस वर्षं, कधी कधी साठसुद्धा. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग हसतो आणि म्हणतो, ‘म्हणजे एकदा पैसे टाकले की वसूल आहे.’

त्या फोनवर जे सांगून होत नाही ते या पुस्तिकेत लिहिलं आहे. पिंजऱ्याची मापं, आहाराचे तक्ते, आजारांची लक्षणं पुढच्या प्रकरणांत आहेत. ज्यांना तेवढंच हवं त्यांनी ही पानं उलटून सरळ तिकडे जावं, मला राग नाही. इथे मला दुसरं बोलायचं आहे. हा पक्षी आपल्या घरापर्यंत आला कसा, आल्यावर त्याच्यासोबत राहायचं कसं, आणि आपण गेल्यावर त्याचं काय. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो. पोपट सांभाळण्यावर पुस्तक लिहायचं आणि पोपट घेऊ नका म्हणायचं, हे हलवायानं दुकानाच्या पायरीवर बसून ‘गोड खाऊ नका’ सांगण्यासारखं आहे. तरी सांगतो. नवा घेऊ नका. ज्यांच्याकडे आधीच आहे, किंवा वारशानं, कोणाच्या बदलीनं, कोणाच्या मुलाकडे परदेशी जाण्यानं ज्यांच्या पदरी तो पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. माझ्या पदरी तो असाच पडला.

२००६ साली मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी एका फिरत्या व्यापाऱ्याकडून तो घेतला. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला, भोकं पाडलेल्या. डोळे काळेभोर होते. हे डोळे पुढे राखी होतात आणि दुसऱ्या वर्षाच्या आसपास पिवळट पडतात, त्यामुळे तो तेव्हा अगदी पिल्लू होता हे मला आता कळतं. तेव्हा कोणालाच काही कळत नव्हतं. हिरवा नाही, लाल चोच नाही, गळ्यात कंठ नाही, हा कसला पोपट? अंगभर राख फासल्यासारखा रंग, प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे दुरून मासळीच्या खवल्यांसारखी दिसणारी पाठ, डोळ्यांभोवती पांढरी उघडी कातडी, काळी चोच, आणि हे सगळं इतकं गंभीर असताना मागे अचानक लालभडक शेपूट. माझ्या आईनं त्याला एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘हा त अगदी आबाजीवानी दिसते.’ बारसं तिथेच झालं.

मोठा झाल्यावर आबाजी चोचीपासून शेपटीपर्यंत फूटभर भरला, वजन साडेचारशे ग्रॅमच्या मागेपुढे. याला काँगो आफ्रिकन ग्रे म्हणतात. याचाच धाकटा भाऊ टिमनेह, अंगानं लहान आणि शेपटीनं तपकिरी-लाल. शास्त्रज्ञ आता त्याला वेगळी जात मानतात. बाजारात दोन्ही ‘ग्रे’ याच नावानं खपतात.

आता याच्या बोलण्याविषयी, कारण फोनवर तोच पहिला प्रश्न असतो.

मे महिन्यातली दुपार. मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढलेले, कूलर लावलेला, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं की पंप कोरडा घरघरतो, हा आवाज नागपूरकराला झोपेतही कळतो. घरघर ऐकून मी उठलो, नळी लावायला गेलो. टाकी काठोकाठ भरलेली. परत येऊन पडलो. पाच मिनिटांनी पुन्हा घरघर. पुन्हा उठलो. टाकी भरलेलीच. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा कोपऱ्यातून मोठ्या बाबांच्या आवाजात प्रश्न आला, ‘काऊन बे?’ आपल्याकडे कोणाची फजिती झाली की त्याचा पोपट झाला म्हणतात. त्या दिवशी तो पोपटानंच केला.

याचा अर्थ त्यानं माझी थट्टा केली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कोणता आवाज काढला की माणूस उठतो, हे त्याला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, समोरच्यांच्या स्कूटरचा हॉर्न हे सगळं त्याच्याकडे आहे, आणि ते जागच्या जागी येतं. घंटेचा आवाज काढून तो दाराकडे बघतो. महालात असताना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीतल्या आरोळ्या घरात येत. त्यातली ‘घेऊन जा गे मारबत’ त्यानं उचलली ती कायमची. बाकीचे शब्द त्याला महिनोन् महिने ऐकावे लागले, हे मात्र एकाच दिवसात. ज्या शब्दांत माणसांचा जोर असतो, जिथे आवाज चढतो, ते ग्रेला लवकर लागतात. शिव्या लवकर लागतात त्या याच कारणानं. गेल्या दिवाळीत विमा एजंट सोफ्यावर टेकले, फॉर्म काढला आणि आबाजीनं मारबतीला हाक दिली. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

पोपटाविषयी मराठी भाषेचं मत काही चांगलं नाही. अर्थ न कळता घोकलेल्याला आपण पोपटपंची म्हणतो. पण हीच भाषा दीर्घ कथेच्या पुस्तकाला कादंबरी म्हणते, आणि हा शब्द बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून आला. त्यात राजाच्या दरबारात कथा सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपट. म्हणजे साऱ्या कादंबरीकारांचा मूळपुरुष पोपट आणि घोकंपट्टीचं खापरही त्याच्याच डोक्यावर. शब्द बनवणाऱ्यांनी आपसात बोलून घ्यायला हवं होतं.

आपल्या विदर्भात तर पोपटाला पोलिसांनीही बोलावलेलं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका ८५ वर्षांच्या आजींनी तक्रार केली की सावत्र मुलाचा पोपट आपण समोरून गेलो की शिव्या देतो. पोलिसांनी तक्रारदार, मुलगा आणि पोपट तिघांनाही ठाण्यात बोलावलं. पोपटाचं नाव हरियाल. आजींना त्याच्या पुढ्यात आणलं, पण तो अवाक्षर बोलला नाही. शेवटी त्याला वनविभागाच्या हवाली केलं. देशभर बातमी झाली, लोक पोट धरून हसले. मी ती कापून ठेवली आहे, हसण्यासाठी नाही. त्या बातमीत एका घरातलं भांडण पोपटाच्या तोंडून बाहेर आलं होतं. पोपट शिव्या बनवत नाही. घरात जे मोठ्यानं बोललं जातं ते तो साठवतो. पुण्यातही २०२२ मध्ये शेजाऱ्याच्या पोपटाच्या कर्कश ओरडण्याची तक्रार पोलिसांकडे गेली होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रे इतर मोठ्या पोपटांहून कमी ओरडतो खरा, पण पहाटे साडेपाचला कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तर शेजाऱ्यांना ते पटवून देणं अवघड आहे.

अर्थ कळून बोलण्याचं म्हणाल तर त्याचा पुरावा अमेरिकेतला आहे. १९७७ च्या जून महिन्यात आयरिन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी शिकागोच्या भागातल्या एका साध्या दुकानातून वर्षभराचा ग्रे विकत घेतला. मुद्दाम निवडून नाही, दुकानदारानं हाताला लागला तो दिला. त्याचं नाव अलेक्स. पुढची तीस वर्षं त्याच्यासोबत काम चाललं. शिकवण्याची पद्धत अशी की दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांशी बोलत. एक विचारी, दुसरा सांगे, बरोबर आलं की ती वस्तूच बक्षीस म्हणून मिळे. अलेक्सला चढाओढ वाटे आणि तो मध्ये तोंड घाली. अशानं तो पन्नासेक वस्तूंची नावं, रंग, आकार आणि सहापर्यंतची मोजणी शिकला. दोन वस्तूंत काय सारखं आणि काय वेगळं हे सांगे, काहीच वेगळं नसेल तर ‘काही नाही’ म्हणे. सफरचंदाला त्यानं स्वतःच ‘बॅनेरी’ असं नाव पाडलं. केळ्याचा आणि चेरीचा शब्द त्याला येत होता, त्यातून हे जोडलं असावं असं बाईंना वाटलं. त्यांनी कितीही दुरुस्त केलं तरी त्यानं आपला शब्द सोडला नाही. ६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला. वय ३१. ग्रेच्या आयुष्याच्या मानानं ते काही म्हातारपण नव्हतं.

अलेक्समुळे या पक्ष्याचं नाव झालं आणि नावामुळे त्याचं नुकसानही झालं. ‘पाच वर्षांच्या पोराएवढी अक्कल’ असं सांगून विकणारे निघाले. आता हे वाक्य उलटून बघा. पाच वर्षांच्या पोराएवढी अक्कल असलेल्याला दोन फुटांच्या पिंजऱ्यात, एक वाटी बियांची आणि एक पाण्याची देऊन, सकाळी दहा ते संध्याकाळी सात एकटं ठेवायचं. मग तो पिसं उपटतो. मग फोन येतो, ‘याले काही कातडीचा रोग झाला का?’

हा पक्षी मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दाट जंगलातला. आयव्हरी कोस्टपासून पूर्वेला केनियापर्यंत त्याचा पट्टा. तेलताडाची फळं याची आवडती. रात्री शेकडोंच्या संख्येनं एका ठिकाणी झाडांवर उतरायचं, सकाळी पांगायचं, जंगलातल्या मोकळ्या जागी जमून माती खायची, उंच झाडाच्या ढोलीत तीन ते पाच अंडी घालायची. १९७५ पासून पुढच्या चाळीसेक वर्षांत १३ लाखांहून जास्त रानटी ग्रे कायदेशीर मार्गानंच निर्यात झाले. वाटेत आणि पकडताना मेलेले यात नाहीत, चोरून नेलेले तर नाहीतच. घाना देशात १९९२ पासून त्यांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे जिथे हजारांचे थवे होते तिथे दिवसभर हिंडून एखादा दिसायचा. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या साइटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत हा पक्षी पहिल्या परिशिष्टात गेला आणि जानेवारी २०१७ पासून रानटी ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

मोठ्या बाबांचं खोकं २००६ मधलं. आबाजीच्या पायात कडी नाही. पाळीव जोडीच्या पिल्लाला काही दिवसांचं असतानाच बंद कडी घालतात, ती मोठेपणी चढत नाही, म्हणून ती असली तर जन्म पिंजऱ्यातला हे कळतं. नसली तर काहीच कळत नाही. तो कुठल्या तरी ढोलीतून काढलेला असू शकतो. मोठे बाबा शुद्ध शाकाहारी, दाराशी आलेल्या गाईला पहिली पोळी देणारे. ते असा सौदा जाणूनबुजून करणारे नव्हते. त्यांनी विचारलंच नाही, एवढंच. मीही त्यांना कधी विचारलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, सविस्तर प्रकरण पुढे आहे. आपला हिरवा देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली येतो. तो पाळणं, विकणं, दोन्ही गुन्हा आहे, मग तो गल्लीत कितीही घरांत ‘मिठू मिठू’ करत असो. परदेशी पक्ष्यांविषयी हा कायदा फार वर्षं गप्प होता आणि त्या गप्पपणात बाजार फुगला. जून २०२० मध्ये केंद्रानं परदेशी प्राणी-पक्षी स्वेच्छेनं जाहीर करण्याची सहा महिन्यांची मुभा दिली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीनं साइटिसमधल्या जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. ग्रे घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद हवी. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तर तेही कळवायचं. ‘आमच्याकडे काय, घरचाच आहे’ हे आता चालत नाही. मी दोन्ही वेळा अर्ज भरला. प्राण्याचं नाव लिहायला रकाना नव्हता, याचं आईला वाईट वाटलं.

आता देखभाल. सगळं इथे सांगत नाही, पण ज्या चुका मी स्वतः केल्या त्या सांगायला दुसरी जागा नाही.

मोठे बाबा २०१४ च्या पावसाळ्यात गेले आणि आबाजी माझ्याकडे आला. आला तेव्हा छाती उघडी होती, उपटून काढलेली. हातात घेतलं की गुलाबी कातडी आणि तिच्यावर खुंट. त्याच्यासोबत निरोप होता : सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि संध्याकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. मोठे बाबा रोज देत, मीही दिलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका सकाळी तो दांडीवरून धप्पकन खाली पडला. मान मागे ओढलेली, बोटं आवळलेली, एक पंख फडफडतोय आणि एक निपचित. मिनिटभर चाललं असेल. मग उठून बसला आणि काही झालंच नाही असा माझ्याकडे बघायला लागला. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथे ‘थंडी लागली’ म्हणाले आणि कोंबड्यांना देतात ते औषध दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पडला. मग ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी सोबत नेलेली वाटी आधी मागितली. बियांवर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘नऊ वर्षं हेच?’

कॅल्शिअम. ग्रेच्या रक्तातलं कॅल्शिअम घसरायची खोड इतर पोपटांहून जास्त असते, आणि सूर्यफुलाच्या बीत चरबी भरपूर, कॅल्शिअम जेमतेम, अ जीवनसत्त्व नाहीच्या बरोबर. शिवाय कॅल्शिअम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, त्याला कोवळं ऊन हवं. तो खिडकीच्या काचेआड बसायचा. काचेतून उजेड येतो, पण त्याला हवे ते किरण काच अडवते. ‘याला तर रोज उन्हात ठेवतो’ असं मी डॉक्टरांना सांगत होतो, ते किती खोटं होतं हे मला तिथे कळलं. आता बाल्कनीत सकाळी सात ते साडेसात, अर्ध्या पिंजऱ्यावर कापड, म्हणजे ऊन की सावली हे तो ठरवतो.

बिया सुटायला चार महिने लागले. उपाशी ठेवून सोडवायच्या नसतात, पक्षी हट्टानं मरेल. थोडं थोडं बदलायचं. आज त्याच्या वाटीत पोपटांसाठीचं तयार खाद्य असतं, मोड आलेले मूग, शेवग्याची पानं, गाजर, कोहळं आणि सांभाराची जुडी. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : कोहळं म्हणजे लाल भोपळा आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नव्हे.) संत्र्याची एखादी फोड हिवाळ्यात देतो, नागपुरात राहून ती न देणं बरं दिसत नाही. मीठ, चहा, चॉकलेट, ॲव्होकॅडो, कांदा-लसूण काही नाही. तर्रीपोह्यातला पोहासुद्धा नाही, कितीही मागितला तरी. मिरचीचं मात्र वेगळं आहे. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांच्या जिभेला लागतच नाही. सावजीच्या ताटावर घाम पुसणाऱ्या माझ्या मेव्हण्याकडे बघत आबाजी लवंगी मिरची सोलतो आणि एकेक बी चवीनं खातो.

दुसरी गोष्ट हवा. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते आणि प्रत्येक श्वासातला प्राणवायू आपल्यापेक्षा जास्त शोषला जातो. विषही तसंच शोषलं जातं. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणारी वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण शेजारच्या खोलीतला पोपट काही मिनिटांत मरतो. आमच्या घरातून ते तवे गेले, मच्छर अगरबत्ती गेली, देवघर मागच्या खोलीत गेलं. देवघरावरून घरात दोन दिवस अबोला होता. तो सुटला, पण धूप मागच्याच खोलीत आहे.

आणि कूलर. नागपुरात कूलरविषयी वाईट बोलणं सोपं नाही. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी महालात मोठ्या बाबांनी खिडकीला ओलं गोणपाट बांधलं आणि स्वतः पंख्याखाली न बसता आबाजीला बसवलं. पोपटाला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून दूर धरतो. हे दिसलं की उशीर व्हायला लागला आहे असं समजा. म्हणून गारवा हवाच. पण कूलरचं गवत महिनोन् महिने ओलं राहतं, त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीचे कण फुप्फुसात गेले की होणारा ॲस्परजिलोसिस हा पोपटांचा जुना काळ आहे. गवत दर मोसमात नवं, टाकी आठवड्याला रिकामी करून घासलेली, झोत थेट पिंजऱ्यावर नाही, आणि मागची खिडकी उघडी. ज्याच्या घरी एसी आहे त्यानं पक्षी त्या खोलीत हलवावा आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखं बोलू नये.

झोपेचं लोक विसरतात. विषुववृत्ताजवळ वर्षभर रात्र बारा तासांची असते, तीच याच्या अंगात आहे. रात्री साडेदहाची मालिका संपेपर्यंत दिवाणखान्यात दिवा लावून ठेवायचा आणि सकाळी तो चिडून चावला की ‘हा असाच आहे’ म्हणायचं, हे बरोबर नाही. आबाजी साडेसातला आतल्या खोलीत जातो, पिंजऱ्यावर कापड पडतं. संक्रांतीच्या आठवड्यात दारं-खिडक्या बंद, कारण उडून बाहेर गेलेला ग्रे काही कबुतरासारखा परत येत नाही, आणि नागपूरच्या आकाशात त्या दिवसांत बंदी असलेला नायलॉन मांजा सर्रास असतो. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूच्या एका कुटुंबानं हरवलेल्या ग्रेसाठी ५० हजारांचं बक्षीस लावलं होतं. त्यांना तो मिळाला. सगळ्यांना मिळत नाही.

आजारी पक्षी दाखवायचा कुठे, हा प्रश्न मात्र नागपूरकराला सोपा आहे. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फक्त तिथे जायला उशीर करू नका. पोपट आजार लपवतो, कारण जंगलात आजारी दिसणारा आधी मारला जातो. तो फुगून, पिसं फुलवून तळाशी बसलेला दिसला तर उद्यावर ढकलू नका. घरी नुसत्या डोळ्यांनी न बघता दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. माझ्या वहीत २०१५ च्या डिसेंबरपासूनचे आकडे आहेत. दोनदा आबाजीचा आजार मला आधी त्या वहीनं सांगितला.

छातीवरची पिसं बरीचशी आली. काही जागा अजून उघड्या आहेत, तिथली मुळं मेली. पिसं उपटण्याचं एकच एक कारण नसतं. आहार, कोरडी हवा, विषाणू, कंटाळा, काहीही असू शकतं, आणि आधी डॉक्टरांनी आजार नाही ना हे बघावं लागतं. आबाजीच्या बाबतीत मला कारण शोधावं लागलं नाही. ग्रे थव्यात जगणारा पक्षी आहे. २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात एका ग्रेकडे अक्रोड मिळवून देणाऱ्या चकत्या होत्या, पण त्याची खिडकी बंद होती. शेजारच्याची खिडकी उघडी, पण त्याच्याकडे चकती नाही. पहिल्यानं आपल्या चकत्या शेजाऱ्याला दिल्या, स्वतःला काही मिळणार नाही हे दिसत असताना. त्याच प्रयोगातल्या मकाव पोपटांनी असं केलं नाही. असा पक्षी एका माणसाला आपला थवा मानतो आणि तो माणूस एक दिवस जेवायला येत नाही.

मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, अजून महालातच असते. रविवारी आमच्याकडे येते, आबाजीच्या पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसते. सारी दुपार तो काही बोलत नाही. मग कधी तरी मोठ्या बाबांच्या आवाजात, त्यांच्या त्या घशातल्या खाकरण्यासकट विचारतो, ‘काऊन बे, जेवला का?’ ते तिला विचारलेलं नसतं, मोठे बाबा मला असं विचारायचे. तरी मोठी आई उत्तर देते. ‘हाव, जेवली.’

मी आता ५८ वर्षांचा आहे. आबाजी एकोणिसाव्या वर्षात. हिशेब करा. सगळं नीट झालं तर माझ्यानंतरही तो वीस-पंचवीस वर्षं हिंडेल, माझ्या आवाजात बोलेल आणि कूलरची घरघर करून कोणाला तरी उठवेल. कोणाला, ते मला ठरवायचं आहे. मोठ्या बाबांनी ठरवलं नव्हतं. त्यांच्या तेराव्याला घरात चर्चा झाली ती सोन्याची, शेताची आणि सर्वांत शेवटी ‘या पक्ष्याचं काय करायचं’ याची, आणि मी त्या वेळी दाराशी उभा होतो म्हणून तो माझ्याकडे आला.

या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तक्ता नाही. एक रेघ आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे : माझ्यानंतर याला सांभाळणार. तिथे नाव लिहा. ज्याचं लिहाल त्याला आधी विचारा, पक्ष्याची ओळख आजपासून करून द्या, आणि परिवेशवरच्या नोंदीची प्रत या पानात घडी घालून ठेवा. माझ्या प्रतीत माझ्या भाचीचं नाव आहे. ती बावीस वर्षांची आहे, अमरावतीला शिकते, महिन्यातून एकदा येऊन आबाजीचं वजन स्वतः करते. तिनं होकार देताना एकच अट घातली, की मारबतीवाली आरोळी विसरवायची नाही.

नागपूर